कुठे दुखते यापेक्षा केव्हा दुखते

१७६८ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये विल्यम हेबर्डन या डॉक्टरांनी छातीच्या एका विकारावर निबंध वाचला. चार वर्षांनी, १७७२ मध्ये, तो छापून आला. आज आपण ज्याला अंजायना म्हणतो त्याचे पाश्चात्त्य वैद्यकातले हे पहिले रेखीव वर्णन. चालताना, विशेषतः चढ चढताना आणि जेवून लगेच चालताना, माणसाच्या छातीत असे काही होते की आणखी चार पावले टाकली तर प्राणच जाईल असे त्याला वाटते. तो उभा राहिला की सगळे निवळते, अशी नोंद हेबर्डन यांनी केली आहे. त्यांच्याजवळ ईसीजी नव्हता. स्टेथोस्कोप निघायलाही अजून जवळजवळ अर्धे शतक अवकाश होता. हे दुखणे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांतून येते, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हते. तरी अडीचशे वर्षांनंतर ते वर्णन खरे उतरते, कारण दुखण्याची जागा सांगून ते थांबले नाहीत. ते केव्हा येते, कशाने वाढते आणि कशाने जाते, हे त्यांनी रुग्णांकडून काढून घेतले. आणि त्यातला ‘जेवून लगेच’ हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. हृदयाच्या दुखण्याच्या पहिल्याच नीटस नोंदीत पोट हजर आहे.

आपल्या घरांत मात्र हा प्रश्न बहुधा जागेवरून सोडवला जातो. छातीत काहीतरी होतेय असे कोणी म्हटले की हात कुठे ठेवला आहे ते पाहायचे. मधोमध किंवा बेंबीच्या वर असेल तर गॅस, डावीकडे असेल तर हृदय. या एकाच सवयीतून दोन उलट चुका होतात. पन्नाशीचा मधुमेही माणूस घामाने निथळत असताना त्याला ओवा आणि सैंधव दिले जाते, आणि रात्री उशिरा भरपेट जेवून डाव्या कुशीवर झोपलेल्या विशीतल्या मुलाचा एक ठोका चुकला की घरभर अटॅकची धास्ती पसरते. माझे म्हणणे असे, की छातीतली संवेदना हृदयाची की पचनाची हे तिच्या जागेवरून ठरत नाही. ठरलेच तर तिच्या वेळेवरून, तालावरून आणि ती कोणत्या प्रसंगी येते त्यावरून ठरते. शिवाय पोटाचा दोष सापडला, म्हणून हृदय निर्दोष सुटत नाही. दोघे एकाच वेळी बिघडलेले असू शकतात आणि एकमेकांना बिघडवूही शकतात.

जागा का फसवते ते शरीराच्या रचनेतच दिसते. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून खाली उतरते. हृदयाचा डावा वरचा कप्पा, म्हणजे डावे अलिंद, तिला जवळजवळ टेकलेले असते. इतके, की अलिंदातली गुठळी किंवा झडपेचा बारीक दोष पाहायचा असेल तेव्हा डॉक्टर इकोची नळी घशावाटे अन्ननलिकेत उतरवतात आणि तिथून हृदय न्याहाळतात. इकोचे यंत्र येण्याआधी, लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने मायट्रल झडप आवळलेल्या रुग्णाला बेरियम पाजून एक्स-रे काढत. फुगलेल्या अलिंदाने अन्ननलिकेला मागे रेटलेले त्यात दिसायचे. खालच्या बाजूला जठराचा वरचा फुगीर भाग डावीकडे श्वासपटलाला लागून असतो आणि त्याच श्वासपटलावर हृदय विसावलेले असते. जठर हवेने किंवा अन्नाने ताणले गेले तर ते नेमके हृदयाच्या तळाशी ताणले जाते. मज्जातंतूंची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची. अन्ननलिका आणि हृदय या दोघांकडून येणारे वेदनेचे तंतू मज्जारज्जूच्या छातीकडच्या वरच्या भागात जवळजवळ एकाच ठिकाणी शिरतात. छातीच्या कातडीचे आणि हाताच्या आतल्या बाजूचे तंतूही तिथेच येतात. चाळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांची पत्रे एकाच पेटीत पडावीत आणि पाकिटावर खोलीचा आकडा नसावा, तशी मेंदूची अवस्था होते. निरोप आला हे त्याला कळते. कोणाकडून आला हे तो अंदाजाने ठरवतो.

हा अंदाज सर्वांत वाईट रीतीने चुकतो तो हृदयाच्या खालच्या भिंतीच्या झटक्यात. ही भिंत श्वासपटलावर टेकलेली असते आणि बहुतेकांत तिला उजव्या करोनरी धमनीतून रक्त मिळते. ती धमनी तुंबली की अनेकांना छातीत फार दुखतही नाही. पोटाच्या वरच्या भागात जड वाटते, मळमळते, उलटी होते, नाडी मंदावते, अंग गार पडून घाम सुटतो. वरवर पाहता हे सगळे शिळे खाल्ल्याचे किंवा पित्त उसळल्याचे चित्र आहे. मधुमेह्यांत, म्हाताऱ्या माणसांत आणि स्त्रियांत असे आडवळणाने येणारे झटके अधिक दिसतात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाच्या रहिवाशांचा दीर्घकाळ अभ्यास झाला, त्यात १९८४ साली नोंदवले गेले, की हृदयविकाराच्या झटक्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक झटके त्या वेळी ओळखलेच गेले नव्हते. पुढच्या नेहमीच्या तपासणीत ईसीजीवर त्यांच्या खुणा सापडल्या. त्यांतल्या निम्म्यांना काहीच जाणवले नव्हते. उरलेल्यांना काहीतरी जाणवले होते, पण ते हृदयाचे आहे असे त्यांना किंवा त्यांच्या डॉक्टरांना वाटले नव्हते.

यावर लगेच येणारा आक्षेप असा: जागा फसवत असेल, पण औषध तर फसवत नाही ना? इनो घेतले, ढेकर आली, बरे वाटले, म्हणजे गॅसच होता. हा युक्तिवाद सरळ वाटतो आणि म्हणूनच जीवघेणा आहे. ढेकर आली, याने जठरात हवा होती एवढे सिद्ध होते. मळमळणारा आणि घाबरलेला माणूस हवा गिळतच असतो. तो ढेकर देणारच. शिवाय धमनीतल्या अडथळ्याची वेदना स्वतःहून वाढते आणि ओसरते. ती ओसरायला आणि इनोचा ग्लास रिकामा व्हायला एकच वेळ आली, की श्रेय इनोला मिळते. उलट दिशेनेही हेच घडते. जिभेखाली ठेवायच्या गोळीने दुखणे थांबले म्हणजे ते हृदयाचेच, असे अनेकांना वाटते. विल्यम मरेल यांनी १८७९ साली नायट्रोग्लिसरीन अंजायनावर वापरून दाखवले तेव्हापासून हा समज डॉक्टरांतही होता. पण हे औषध धमन्यांसारखेच अन्ननलिकेचे आवळलेले स्नायूही सैल करते. २००३ साली अमेरिकेत ४५९ रुग्णांवर केलेल्या एका पाहणीत, छातीत दुखत असताना नायट्रोग्लिसरीन दिल्यावर ज्यांना खरोखर हृदयधमन्यांचा विकार निघाला अशांपैकी ३५ टक्क्यांना आराम पडला, आणि ज्यांना तो नव्हता अशांपैकी ४१ टक्क्यांना. ज्यांना धमन्यांचा विकार नव्हता, त्यांनाही गोळीने तेवढाच गुण आला! औषधाचा गुण हा निदानाचा पुरावा धरायचा नाही, हे या आकड्यांनंतर तरी मान्य करायला हवे.

मग काय धरायचे? इथे दुखणे आणि धडधड या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात, कारण त्यांचे पुरावे वेगळे आहेत. दुखण्याच्या बाबतीत हेबर्डन यांचेच प्रश्न अजून पुढे आहेत. जिना चढताना, भरलेली पिशवी उचलून चालताना, थंड वाऱ्यात किंवा रागाच्या भरात येते आणि थांबल्यावर काही मिनिटांत जाते, अशी दाबल्यासारखी, आवळल्यासारखी संवेदना हृदयाकडे बोट दाखवते, मग ती पोटाच्या वर असो की जबड्यात. वाकल्यावर, आडवे झाल्यावर, तिखट-तेलकट खाल्ल्यानंतर तासाभरात येते, घशाशी आंबट पाणी येते आणि दोन जिने चढल्याने तिच्यात काही फरक पडत नाही, अशी जळजळ बहुधा अन्ननलिकेची. ‘बहुधा’ हा शब्द मी जाणून वापरला आहे. जेवणानंतर आतड्यांकडे जास्त रक्त वळते, हृदयाला जास्त काम पडते, आणि ज्याच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत त्याचे दुखणे जेवणानंतरच वर येऊ शकते. म्हणून ‘जेवल्यावर दुखते’ एवढ्यावर पोटाला जबाबदार धरून मोकळे होता येत नाही. जेवल्यावर बसून राहिले असता दुखते, की जेवून चालायला लागले असता, हा पुढचा प्रश्न विचारावाच लागतो.

धडधडीचा पुरावा तर आपल्या मनगटात असतो आणि तरीही तो क्वचितच पाहिला जातो. हृदय दिवसात सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि त्यातले जवळजवळ काहीच आपल्याला जाणवत नाही. जाणवायला लागले की त्याचा ताल कसा होता, हेच सगळ्यात महत्त्वाचे. आपण ‘ठोका चुकला’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा एक ठोका वेळेआधी पडलेला असतो. त्या वेळी हृदय पुरते भरलेले नसते, म्हणून तो लहानसा ठोका कळतही नाही. त्यामागून थोडी जास्त उसंत येते, त्या उसंतीत हृदय नेहमीपेक्षा जास्त भरते आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपल्याला घाबरवतो तो हा निरोगी, जोमदार ठोका. असे अवेळी ठोके धडधाकट माणसांच्या चोवीस तासांच्या नोंदीतही सापडतात. याउलट एका क्षणी अचानक सुरू झालेली, मिनिटाला दीडशे-दोनशेच्या गतीने एकसारखी चालणारी, मानेत उडणारी आणि तशीच अचानक थांबणारी धडधड हृदयातल्या विद्युत्‌मार्गाच्या दोषाची असते. ती थांबल्यावर पुष्कळदा भरपूर लघवी होते, हीसुद्धा एक खूण. काहीच लय नसलेली, प्रत्येक ठोका वेगळ्या अंतराने पडणारी नाडी अलिंदाच्या फडफडीची, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनची असू शकते, आणि तिच्यामुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो हे फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासातूनच पुढे आले. आणि हळूहळू वाढून हळूहळू उतरणारी धडधड बहुधा ताप, भीती, रक्तक्षय, थायरॉइड, चहा-कॉफी यांपैकी कशाची तरी असते. अनुभवी डॉक्टर रुग्णाला टेबलावर बोटाने तो ताल वाजवून दाखवायला सांगतात. या एका कृतीतून जेवढे कळते तेवढे ‘छातीत कसेतरी होते’ या वाक्यातून कधीच कळत नाही. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजणे आणि ते सारख्या अंतराने पडतात की नाही ते पाहणे, हे शाळेत शिकवावे इतके सोपे आहे.

पोट खरोखरच हृदयाला छेडते का, हाही प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर होकारार्थी आहे. लुडविग रोमहेल्ड या जर्मन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा रुग्णांचे वर्णन केले: हृदयात दोष नाही, पण जठर आणि आतडे हवेने फुगले की धडधड, चुकलेले ठोके, दडपण. श्वासपटल वर सरकणे, भरल्या पोटाने व्हेगस मज्जातंतूवर येणारा ताण, जेवणानंतर वाढणारी नाडी, डाव्या कुशीवर झोपल्याने छातीच्या भिंतीजवळ आलेले हृदय, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. काही थोड्या लोकांत घास गिळतानाच अलिंदात अवेळी ठोके पडतात. अन्ननलिका आणि अलिंद किती लगटून आहेत याची ती जिवंत साक्ष आहे. आपल्याकडे ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेण्याची जुनी रीत आहे. तिथे बेंबीपाशी बोटांना जे उडताना लागते ती पोटातली महाधमनी असते, आणि सडपातळ माणसात ती उडणारच. तेव्हा पोटात धडधड, पोटामुळे धडधड आणि धडधडीमुळे पोटात कालवाकालव या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण यातून ‘मग सगळे पोटाचेच’ हा निष्कर्ष निघत नाही. लग्नाच्या पंगतीनंतर किंवा शनिवारच्या पार्टीत मद्य आणि तळलेले भरपूर पोटात गेल्यावर एकाच रात्री आम्लपित्त आणि एट्रियल फिब्रिलेशन दोन्ही होऊ शकतात. सुट्टीनंतर अशा बेताल हृदयाचे रुग्ण रुग्णालयात येतात हे १९७८ सालीच वैद्यकीय साहित्यात नोंदले गेले. त्या रात्री पित्त झाले होते हे खरे असते, आणि तेवढेच खरे नसते.

या गुंत्यात औषधांनीही भर घातली आहे, आणि त्याबद्दल जितके बोलले जाते तितके पुरेसे नाही असे माझे स्पष्ट मत आहे. सिसाप्राइड हे जठर हलवणारे, जळजळीवर दिले जाणारे औषध एके काळी सर्रास चाले. त्याने हृदयाचा विद्युत्‌क्रम लांबून जीवघेणी बेताल गती सुरू होते, हे दिसल्यावर अमेरिकेतल्या बाजारातून ते २००० साली मागे घेतले गेले. भारतात बंदी यायला २०११ उजाडले. डोम्पेरिडोनबद्दल त्याच प्रकारची चिंता आहे. २०१४ साली युरोपच्या औषध नियामकाने ते केवळ मळमळ-उलटीसाठी, कमी मात्रेत आणि साधारणपणे एका आठवड्यापुरतेच वापरावे, पोटफुगी आणि जळजळीसाठी वापरू नये, असा निर्णय दिला. आपल्याकडे मात्र पॅन्टोप्राझोल आणि डोम्पेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल जळजळीसाठीच, महिनोन्‌महिने, दुकानातून चिठ्ठीवाचून घेतली जाते. पॅन्टोप्राझोलच्या कुळातली औषधे दीर्घकाळ घेतल्यास रक्तातले मॅग्नेशियम घसरू शकते आणि त्याने ठोके बिघडू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली दिला. म्हणजे हृदयाच्या तक्रारीला पोटाची समजून घेतलेली गोळी पुढे हृदयाचीच तक्रार निर्माण करू शकते. ही औषधे वाईट आहेत असे मला म्हणायचे नाही. अल्सरच्या रुग्णांवर त्यांचे उपकार आहेत. पण वर्षभर रोज घेतली जाणारी गोळी डॉक्टरांना न सांगता चालू ठेवणे, आणि धडधडीची तक्रार सांगताना तिचा उल्लेखही न करणे, हे थांबायला हवे.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप. असे लिहून तुम्ही लोकांना घाबरवता. बहुतेक धडधडी निरुपद्रवी असतात, बहुतेक छातीतल्या कळा पोटाच्या किंवा स्नायूंच्या असतात, आणि मनाची भीती हेच मोठे कारण आहे. यात तथ्य आहे. पिट्सबर्गमध्ये धडधडीची तक्रार घेऊन आलेल्या १९० रुग्णांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ३१ टक्क्यांत कारण मानसिक निघाले, आणि वर्षभरात मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी होते. पण त्याच अभ्यासात ४३ टक्क्यांत कारण हृदयाचे होते. धडधड फारशी जीव घेत नाही हे जसे त्यातून कळते, तसे ती पाहिल्यावाचून मनाच्या खात्यावर टाकता येत नाही हेही कळते. १९९७ सालच्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात अचानक सुरू होणाऱ्या जलद गतीचे, विद्युत्‌तपासणीने सिद्ध झालेले १०७ रुग्ण पाहिले गेले. त्यांतले ६७ टक्के पॅनिकच्या विकाराच्या व्याख्येत बसत होते, निम्म्याहून अधिकांचे खरे निदान पहिल्या तपासणीत झाले नव्हते, आणि चुकीचा शिक्का पुरुषांपेक्षा स्त्रियांवर जास्त बसला होता. आपल्याकडच्या स्त्रियांच्या बाबतीत मला याची विशेष काळजी वाटते. ‘टेन्शन घेते’, ‘उपास करते म्हणून पित्त होतं’ असे म्हणून त्यांची धडधड घरातच निकाली निघते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्त कमी असेल तर हृदय जोरात आणि वेगाने धडधडणारच. तिथे ना पित्त कारण आहे ना मन, आणि एका साध्या रक्ततपासणीत ते कळते.

भीतीबद्दल आणखी एक म्हणावेसे वाटते. माहितीने भीती वाढते ती माहिती अर्धी असल्यावर. नाडी मोजता येणाऱ्या माणसाकडे करण्यासारखे काहीतरी असते. नाडी ८४, ताल सारखा, दोन मिनिटांत उतरली, उशिरा जेवलो होतो, अशी चार ओळींची नोंद वहीत झाली की पुढच्या वेळी तुलना करता येते. महिनाभराची वही डॉक्टरांपुढे ठेवली तर अर्धे निदान तिथेच होते. कारण धडधडीचा खरा निकाल ती चालू असताना काढलेल्या पट्टीवरच लागतो. विलेम आइंटहोवेन यांना ज्या ईसीजीसाठी १९२४ साली नोबेल मिळाले तो काही सेकंदांचाच आलेख देतो. रात्री दोनला आलेली धडधड सकाळी अकराला काढलेल्या ईसीजीत दिसेलच असे नाही. नॉर्मन होल्टर यांनी माणसाच्या अंगावर बाळगता येईल असे नोंदयंत्र घडवले ते याच अडचणीपायी. ‘ईसीजी नॉर्मल आला, आता विसरा’ हे वाक्य म्हणून धडधडीला लागू पडत नाही, आणि दुखण्याला तर मुळीच नाही. झटक्याच्या पहिल्या तासांत ईसीजी साधा दिसू शकतो. म्हणून तो पुन्हा काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने पुन्हा तपासतात. हातातल्या घड्याळावर दिसणारा आलेख ताल बिघडला का हे सांगू शकेल. धमनी तुंबली का, हे तो सांगू शकत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. प्रत्येक जळजळीला रुग्णालय गाठायचे म्हटले तर पैसा कुठून आणायचा, तालुक्याच्या गावात डॉक्टर कुठून आणायचे? प्रत्येक जळजळीला जाऊ नये, हेच माझेही उत्तर आहे. ज्याला वर्षानुवर्षे आम्लपित्त आहे, तो स्वतःच्या त्रासाचा जाणकार असतो. त्याला आपली नेहमीची जळजळ कधी येते, किती टिकते, कशाने शमते हे ठाऊक असते. हे ज्ञान मोलाचे आहे, आणि त्याचा उपयोग वेगळेपण ओळखण्यासाठी करायचा आहे. या वेळी ती चालताना आली, या वेळी घाम आला, या वेळी हाताकडे किंवा जबड्याकडे सरकली, या वेळी श्वास लागला, या वेळी पंधरा मिनिटे झाली तरी उतरली नाही: नेहमीच्या त्रासातला असा बदल हाच धोक्याचा इशारा. त्यात भारतीय माणसाला एक जादा कारण आहे. बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका येण्याचे मध्यम वय ५३ वर्षे निघाले, इतर देशांत ते ५९ च्या आसपास होते. ‘या वयात कसला अटॅक’ हे वाक्य आपल्याला परवडणारे नाही.

आणि वेळेचा हिशेब निष्ठुर आहे. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या, इटलीतल्या सुमारे बारा हजार रुग्णांवरच्या चाचणीत, गुठळी विरघळवणारे औषध मिळालेल्यांत एकंदर मृत्यू सुमारे १८ टक्क्यांनी घटले, पण त्रास सुरू झाल्यापासून तासाभरात ज्यांना ते मिळाले त्यांच्यात ४७ टक्क्यांनी. भारतातल्या ८९ रुग्णालयांतून २०,९३७ रुग्णांची नोंद घेणारा क्रिएट अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम काळ ३६० मिनिटे होता. रुग्णालयात शिरल्यावर औषध मिळायला ५० मिनिटे लागत होती. सहा तासांतले काही रस्त्यात जातात, काही पैशांच्या जुळवाजुळवीत, काही गाडी मिळण्यात. पण त्यातला जो भाग घरात, ओव्याच्या डब्यापाशी आणि ‘जरा पडून राहा, बरं वाटेल’ या शब्दांत जातो, तो आपल्या हातातला आहे. चूक दोन्हीकडे होऊ शकते, पण दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. पित्ताला हृदय समजून काढलेला ईसीजी एका संध्याकाळचा खर्च आहे. हृदयाला पित्त समजून घालवलेले सहा तास परत मिळत नाहीत.

म्हणून वाचकाला विनंती आहे. धडधड आली तर आधी नाडी मोजा आणि लिहून ठेवा. ती परिश्रम करताना आली, तिच्यासोबत शुद्ध हरपली, घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल किंवा हृदयाचा विकार आधीपासून असेल, तर ती वही घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि छातीत, जबड्यात किंवा पोटाच्या वर नवे दडपण आले, घाम सुटला, पंधरा मिनिटांत ते उतरले नाही, तर स्वतः गाडी चालवत निघू नका. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तिला फोन करा, काय होते आहे आणि केव्हापासून होते आहे ते सांगा, आणि ‘गॅस असेल’ हे आपले निदान त्या फोनवर सांगू नका.